बक्षीस ठरवण्याआधी रॉ फाइल मागा : नागपुरातल्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धांच्या आयोजकांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
नागपुरात वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धा आणि प्रदर्शनं भरवणाऱ्या संस्था, त्यांचे आयोजक आणि परीक्षक

सप्रेम नमस्कार.

बर्डीवर माझं फोटो छापण्याचं आणि फ्रेम करण्याचं दुकान आहे. तुमच्या प्रदर्शनांत भिंतीवर लागणाऱ्या चौकटींपैकी बऱ्याच माझ्या टेबलावरून गेलेल्या असतात. ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह येतो, त्याच्या आधीच्या दिवसांत आमच्याकडे डबा उघडायलाही सवड नसते, आणि ते काम तुमच्यामुळेच येतं. तेव्हा हे पत्र कुणा रागावलेल्या परक्या माणसाचं नाही. याच हौसेवर माझं घर चालतं.

मुख्य मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. बेटांवर, वाळूच्या पट्ट्यांवर आणि एकूणच उघड्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या फोटोला बक्षीस ठरवण्याआधी मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने साठवलेली, न कापलेली न उजळलेली फाइल मागा, तिच्या आगेमागे काढलेल्या फाइलीही मागा, आणि त्या उघडून वाचा. नुसता फोटो बघून निकाल लावू नका.

पूर्वी माझ्याकडे वाघ यायचे. पेंचचे, ताडोबाचे, उमरेडचे. अजूनही येतात, पण गेल्या काही वर्षांत त्यांच्या मधोमध पांढरे पक्षी दिसू लागलेत. कुणी वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर होडीने जाऊन आलेलं असतं, कुणी लक्षद्वीप, कुणी अंदमान. कर्नाटकातल्या भद्रा धरणाच्या जलाशयातली बेटं तर आता नेहमीची झाली, कारण उन्हाळ्यात तिथे नदी सुरयांची (टर्न पक्ष्यांची) मोठी वसाहत भरते. ज्यांची ऐपत आहे ते गॅलापागोस, वेल्समधलं स्कोमर, थेट अंटार्क्टिकाच्या वाटेवरचं दक्षिण जॉर्जिया इथवर पोचतात. ज्या गावापासून समुद्र कुठल्याही दिशेने शेकडो किलोमीटर लांब, त्या गावात सुरय, बूबी आणि पफिन असे समुद्रपक्षी छापून निघतात. मला याची गंमत वाटते. (छापणाऱ्याच्या दृष्टीने हे पक्षी मात्र छळवादी. भर दुपारच्या उन्हात पांढरा पक्षी, मागे चमकणारं पाणी; पिसांचं पांढरं एकदा जळलं की कितीही महागाचा कागद घ्या, तिथे फक्त कागद दिसतो. वाघ त्या मानाने फार समंजस प्राणी.)

अडचण अशी आहे की वाघाचा फोटो तुम्हाला वाचता येतो आणि सुरयाचा येत नाही. यात तुमचा अपमान नाही. वाघिणीचे कान मागे गेलेत, ती जिप्सीकडे बघून गुरगुरते आहे, पिल्लांना वाट मिळत नाही, हे नागपुरातल्या कुठल्याही परीक्षकाला एका नजरेत कळतं. आपण त्या जंगलात वाढलो. पण समुद्रपक्षी आपल्या डोळ्यांच्या सवयीचे नाहीत, आणि म्हणून त्यांचा त्रास आपल्याला सौंदर्य वाटतो.

सगळ्यात जास्त बक्षिसं मिळवणारी चौकट घ्या. खडकावरून किंवा वाळूच्या बेटावरून शेकडो सुरय एकदम उठलेत, आभाळ पंखांनी भरलंय, प्रकाश मागून येतोय. फार देखणा फोटो असतो तो. विणीच्या दिवसांत अख्खी वसाहत एकदम उठते ती बहुधा काहीतरी जवळ आल्यामुळे. कधी ते काहीतरी शिकारी पक्षी असतो, कधी होडी असते. होडी होती की नाही हे एका फ्रेमवरून सांगता येत नाही. आगेमागच्या फाइलींवरून बहुतेक वेळा येतं.

दुसरी लाडकी चौकट म्हणजे सुरय थेट कॅमेऱ्यावर झेपावतोय, चोच उघडी, डोळा टोकदार. खाली शीर्षक असतं ‘आक्रमण’ किंवा ‘आकाशाचा योद्धा’. पक्षी असा झेपावतो, कारण फोटो काढणारा त्याच्या घरट्यांमध्ये उभा असतो. तिसरी, नदीकाठच्या वाळूवर कंठेरी चिखल्या एक पंख फरफटत, शेपूट पसरून लोळतोय, आणि शीर्षक ‘नृत्य’. तो मोडक्या पंखाचं सोंग करत असतो. आपल्याला भक्ष्य समजून तुम्ही आपल्या मागे यावं आणि अंड्यांपासून दूर जावं, एवढ्यासाठी त्याची ती धडपड असते. अशी एक चौकट मी स्वतः मॅट कागदावर छापलेली आहे आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेलं आहे. कुठल्या स्पर्धेत ते सांगत नाही, ज्यांना आठवायचं त्यांना आठवेल.

बूबी किंवा अल्बट्रॉस यांची गोष्ट याच्या उलट आणि जास्त फसवी. ते उठतच नाहीत. माणूस हातभर अंतरावर गेला तरी अंड्यावर बसून राहतात, आणि आपल्याला वाटतं, बघा, किती विश्वास! हे पक्षी हजारो वर्षं अशा बेटांवर राहिले जिथे जमिनीवरून येणारा शत्रूच नव्हता, त्यामुळे पळून जाणं त्यांच्या अंगात नाही. पण अल्बट्रॉस आणि पेंग्विनवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं आहे की बाहेरून शांत बसलेल्या पक्ष्याचे हृदयाचे ठोके माणूस जवळ येताच वाढतात. ते काही फोटोत उमटत नाही.

आता अंड्याबद्दल, कारण इथेच आपल्याला, नागपूरकरांना, सगळ्यात लवकर कळायला हवं. बहुतेक सुरय घरटं बांधत नाहीत. वाळूत किंवा खडकावर एक उथळ खळगा, त्यात दोन-तीन अंडी. काजळी सुरयासारख्या समुद्रातल्या जातींचं तर एकच. आपल्याकडे नदी सुरयांची वीण ऐन उन्हाळ्यात. मे महिन्यात दुपारी आपल्या गच्चीवर अनवाणी पाय ठेवून बघा, तशा जमिनीवर ते अंडं पडलेलं असतं. अशा वेळी पक्षी अंडं उबवत नसतो, त्यावर सावली धरून उभा असतो. नदी सुरय आणि पाणचिरा (स्किमर) तर पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि ओल्या पोटाने अंडी गार ठेवतात. पक्षी उडाला की सावली गेली. अंडं शिजायला फार वेळ लागत नाही. त्यातून वाचलं तर कावळा, घार किंवा कुरव (गल) वर टपलेला असतोच. पिल्लं असतील तर ती घाबरून पळतात, शेजारच्या जोडीच्या हद्दीत शिरतात आणि त्यांच्याच चोचींनी मरतात. हे सगळं होत असताना फोटो काढणारा मनापासून खूश असतो, कारण समोर फार हालचाल चाललेली असते.

आणि हे पक्षी घाईने वाढत नाहीत. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरची ‘विस्डम’ नावाची लेसान अल्बट्रॉस मादी १९५६ मध्ये पायात ओळखीची कडी घातलेली. २०२४ च्या अखेरीस तिने पुन्हा अंडं घातलं. एवढ्या लांब आयुष्यात एका हंगामाला एकच अंडं, तेही दर वर्षी नाही. असं एक अंडं गेलं की त्या जोडीचा हंगाम गेला.

माझा या सगळ्याशी संबंध दुकानात येतो. परीक्षकाला दिसतो तो कापलेला, उजळलेला, छोटा जेपेग. छापणाऱ्याला मूळ फाइल उघडावी लागते. लोक पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवतात, ‘ताई, अख्खं फोल्डर आहे, तुम्हीच निवडा ना,’ म्हणतात आणि समोरच्या टपरीवर चहाला जातात. मी फोल्डर उघडते. त्यात प्रत्येक फाइलची वेळ सेकंदापर्यंत असते, लेन्स किती मिलिमीटरवर होती ते असतं, काही कॅमेरे फोकसचं अंदाजे अंतरही नोंदवून ठेवतात. पहिली फाइल पावणेबाराची असते, शेवटची साडेबाराची, आणि मधल्या एकूण एक फ्रेममध्ये अंडं उघडं पडलेलं असतं. निवडलेल्या फोटोत ते नसतं. निवडलेल्या फोटोत नुसते पंख असतात.

चहा घेऊन परत आलेला माणूस वाईट नसतो बरं का. तो उत्साहाने सांगतो, ‘आम्ही उतरलो न् सगळेच्या सगळे उडाले ना जी, काय सांगू!’ त्याला यात लपवण्यासारखं काही वाटत नाही, कारण त्याला कुणी कधी विचारलेलंच नाही. होडीवाल्याने विचारलं नाही, टूरवाल्याने विचारलं नाही. तुम्ही विचारू शकता.

थोडं गणित मांडते. तुमच्यातले बरेच जण इंजिनियर आहेत, तपासून घ्या. नदी सुरय चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ४० सेंटिमीटर. फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरच्या लेन्सने तो फ्रेमची अर्धी रुंदी व्यापत असेल, आणि फोटो कापलेला नसेल, तर कॅमेरा त्याच्यापासून दोन फुटांच्या आत होता. रिमोटने काढला असेल, मान्य. मग कॅमेरा तिथे ठेवायला आणि परत आणायला कोणी गेलं होतं? हाच पक्षी ६०० मिलिमीटरच्या लेन्सने अर्धी फ्रेम भरत असेल, तर अंतर तेरा मीटरच्या आसपास. अमेरिकेतल्या फ्लोरिडात सुरय आणि पाणचिरे यांच्या मिश्र वसाहती माणूस आल्यावर कुठल्या अंतरावर उठतात, याचा अभ्यास झाला होता, आणि त्यातून १८० मीटर दूर राहण्याची शिफारस पुढे आली. १८० मीटरवरून ६०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये आपला सुरय फ्रेमच्या रुंदीच्या सत्ताविसाव्या भागाएवढा दिसतो. मोजून बघा.

म्हणजे उघड्या वाळूवर अंड्यांवर बसलेला, डोळ्यातली चमक दिसणारा, फ्रेम भरणारा सुरय हा योग्य अंतरावरून निघूच शकत नाही. तो कापून मोठा केला तरी १२ बाय १८ इंचांवर फोटो दाणेदार होतो, ते मला विचारा. तुमच्या भिंतीवर तो फोटो ३० इंची कॅनव्हासवर धारदार दिसत असेल, तर अंतराचा प्रश्न तिथेच सुटला.

याला अपवाद आहेत आणि ते परीक्षकाला माहीत असायला हवेत, नाहीतर उलटा अन्याय होईल. स्कोमर बेटावर पफिन लोकांच्या पायवाटेवरून, अक्षरशः बुटांजवळून बिळात जातात. तिथे दिवसाला किती जणांनी उतरायचं याला मर्यादा आहे आणि वाट सोडायची नाही, कारण वाटेच्या बाजूची जमीन आतून पोकळ आहे; मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याच्या साडेतीन लाखांच्या आसपास जोड्या तिथल्या बिळांत वीण घालतात आणि पाय पडला की बीळ खचतं. तिथे वाइड लेन्सने जवळून काढलेला पफिन अगदी सरळमार्गी असू शकतो. गॅलापागोसमध्ये वाटाड्याशिवाय फिरता येत नाही, प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहायचं, फ्लॅश नाही. दक्षिण जॉर्जियात उतरण्याआधी कपडे, बूट, कॅमेऱ्याची बॅग, अगदी वेल्क्रोच्या पट्ट्यासुद्धा बियांसाठी तपासून साफ करतात. दिवाळीत गोरेवाड्याकडून परतताना आपल्या मोज्यांत जी कुसळं अडकतात, तसलं एखादं बी तिथे पोचू नये म्हणून. त्या बेटावरून उंदीर हटवायला कित्येक वर्षं गेली आणि २०१८ मध्ये ते उंदीरमुक्त जाहीर झालं. अशा ठिकाणांहून आलेल्या फोटोत जवळीक ही नियमांच्या आतली असते. म्हणून जागा विचारणं गरजेचं. अंतर किती चालेल ते जागेवर ठरतं.

आपल्याकडे नियम नाहीत असं मात्र नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या कलम २ मध्ये दिली आहे. रानपक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांची नासधूस करणं, आणि अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणं, हेही त्या व्याख्येत येतं. बंदूक लागत नाही. लक्षद्वीपमधलं पित्ती हे सव्वा हेक्टरच्या आतबाहेरचं, झाड नसलेलं बेट १९९५ पासून पक्षी अभयारण्य आहे. नारकोंडम धनेश जगात फक्त अंदमानातल्या नारकोंडम बेटावर आहे, त्या सात चौरस किलोमीटरांच्या बाहेर कुठेच नाही. अशा जागी मनाला आलं आणि होडी लावली असं चालत नाही, परवानगी लागते. तुमच्या प्रवेशिकेत परवानगीच्या कागदाचा रकाना मी अजून पाहिलेला नाही. वेंगुर्ल्याच्या खडकांवरच्या गुहांमध्ये भारतीय पाकोळी लाळेची घरटी करते, त्या घरट्यांची चोरटी तोड एकेकाळी मोठी डोकेदुखी होती आणि ती थांबवायला कोकणातल्या निसर्गप्रेमींनी वर्षानुवर्षं पहारे दिले. ज्या पक्ष्याला अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट शोधावी लागते त्याच्या गुहेत फ्लॅश उडवलेला फोटो तुमच्यासमोर आला, तर तुम्ही काय विचाराल?

जानेवारी २०२५ मध्ये गाजलेलं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना जिप्सींनी दोन्हीकडून अडवलं, व्हिडिओ फिरला, जिप्सीचालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तो व्हिडिओ आला कुठून? तिथे हजर असलेल्या कुणाच्या तरी मोबाइलमधून. जंगलात साक्षीदार असतो. खडकाळ बेटावर एक होडी, चार कॅमेरे आणि पैसे घेतलेला नावाडी, एवढेच असतात. तिथे काय झालं ते सांगणारं एकच कुणीतरी नागपुरात परत येतं, ते म्हणजे मेमरी कार्ड. म्हणून मी म्हणते की समुद्रपक्ष्यांच्या बाबतीत वनरक्षकाची जागा तुमच्या टेबलावर आहे, तुम्हाला ती आवडो न आवडो.

ड्रोनबद्दल थोडक्यात. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका राखीव क्षेत्रात विणीच्या बेटावर एक ड्रोन कोसळला. एलिगंट टर्न जातीचे हजारो सुरय उडून गेले ते परतलेच नाहीत, दीड हजारांहून जास्त अंडी वाळूवर तशीच राहिली. वसाहतीचा वरून काढलेला फोटो तुमच्या स्पर्धेत आला तर तो बाजूला ठेवा, संशोधनाच्या परवानगीचा कागद सोबत असल्याशिवाय पुन्हा उचलू नका. यावर चर्चा करण्यासारखं मला काही दिसत नाही.

आता तुमच्याकडून येणारी उत्तरं. ती मी काउंटरवर ऐकलेली आहेत.

पहिलं म्हणजे, ‘फोटोंमुळेच लोकांना पक्षी कळतात.’ अगदी खरं. नागालँडमध्ये डोयांग जलाशयापाशी अमूर ससाण्यांची जाळ्यांनी होणारी कत्तल २०१२ मध्ये कॅमेऱ्यानेच जगासमोर आली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी ती थांबवली. मिडवेवर मेलेल्या अल्बट्रॉस पिल्लांच्या पोटात सापडलेल्या बाटल्यांच्या झाकणांचे फोटो बघून कितीतरी लोकांनी समुद्रातल्या प्लास्टिकचा पहिल्यांदा विचार केला. पण या दोन्ही ठिकाणी कुणी जिवंत पक्ष्याला अंड्यावरून उठवलं नव्हतं. जगाला हलवणाऱ्या फोटोंची यादी काढा आणि त्यात घरट्यावरचा क्लोजअप किती वेळा येतो ते बघा.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे, आणि ते देणाऱ्याशी माझं भांडण नाही. ‘वाळूघाटांवर पोकलेन चालतात, धरणाचं पाणी अचानक सुटून अख्खी बेटं बुडतात, आणि तुम्ही चार फोटोवाल्यांच्या मागे लागलात?’ हो, वैनगंगेच्या वाळूवर टिटवी आणि सुरय यांचं जे होतं त्यात कॅमेऱ्याचा वाटा पोकलेनपुढे किरकोळ आहे. वाळूच्या लिलावावर बोलायचं तर त्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागेल आणि ते वेगळ्या टेबलावर जाईल. पण वाळूघाट तुमच्या हातात नाहीत, प्रवेशिका आहे. शिवाय ज्या मंडळींनी पोकलेनविरुद्ध उभं राहायला हवं ती हीच, कॅमेरेवाली. त्यांचेच पाय त्या वाळूत दिसले तर घाटवाला आधी तेच दाखवेल.

तिसरं, कुजबुजीत येणारं : ‘मग स्पर्धेत उरणार काय?’ भरपूर उरतं. दूरवर पसरलेला समुद्र आणि त्यात ठिपक्याएवढा खडक, त्यावर पक्ष्यांची पांढरी रेघ. पाण्यात पोट भिजवून निघालेला नदी सुरय. तो नदीच्या पात्रावर दिसतो, घरट्यापाशी जावं लागत नाही. पावसाळ्यात वादळाने कोकण किनाऱ्यावर येऊन पडणारे बूबी आणि फ्रिगेटपक्षी, आणि त्यांना उचलून नेणारे स्थानिक लोक. नवेगावबांधच्या तलावात मधोमध असलेली मालडोंगरी आणि तिच्याभोवती उतरणारे हिवाळी पाहुणे, काठावरून. विणीचा हंगाम सोडला तर सुरय अंबाझरीवरसुद्धा मासा पकडताना मिळतो, आणि तो फोटो घरट्यावरच्या फोटोपेक्षा दसपट अवघड आहे. अवघड म्हणूनच त्याला बक्षीस द्या. घरट्यावर बसलेला पक्षी हलत नाही, त्याला फ्रेम करायला कसब कसलं?

मला काय हवंय ते साध्या शब्दांत सांगते, मसुदा तुमचे वकील करतील. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचे घरट्यावरचे, अंड्यांचे आणि लहान पिल्लांचे फोटो स्पर्धेला घेऊच नका. बऱ्याच स्पर्धांनी आणि पक्षिमित्रांच्या गटांनी हे पूर्वीच केलं आहे. बेटावरच्या प्रत्येक प्रवेशिकेसोबत महिना, जागा, होडी लावली की उतरलात, अंतर अंदाजे किती, परवानगी होती का, एवढं लिहून घ्या. ती माहिती परीक्षकांपुरती ठेवा. भिंतीवरच्या पट्टीवर ‘भंडारा जिल्हा’ किंवा ‘अंदमान’ एवढंच पुरे. मी स्वतः अशा पट्ट्या छापते, आणि त्यांवर नेमका घाट आणि नावाड्याचा मोबाइल नंबरसुद्धा छापायला आलेला मी पाहिला आहे. अंतिम फेरीत पोचलेल्यांकडून रॉ फाइल मागाच, त्या फोटोच्या आधीची आणि नंतरची अर्ध्या तासाची मालिकाही. कुणी म्हणेल की बाकीच्या फाइली डिलीट केल्या. एकदा ऐकून घ्या, नियम पुढच्या वर्षीपासून लागू करा, मग कोणी डिलीट करणार नाही. आणि परीक्षक मंडळात एक तरी माणूस असा घ्या, ज्याने सुरयांच्या वसाहतीचं काम कॅमेऱ्याशिवाय केलंय. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) लोकांनी चंबळवर पाणचिऱ्यांच्या बेटांसाठी गावातलेच राखणदार नेमून काम केलं आहे. तसल्या अनुभवाचा माणूस तासभर जरी तुमच्या शेजारी बसला तरी कुठल्या फोटोत पक्षी घाबरलेला आहे ते तो बोट ठेवून सांगेल.

यातून माझा धंदा थोडा कमी होईल हे मला कळतं. पंखांनी भरलेलं आभाळ ३० बाय ४५ वर छापायला लोक जेवढे पैसे मोजतात तेवढे दूरच्या खडकाला मोजत नाहीत. चालेल. लग्नाचे अल्बम आहेत.

प्रवेशिकांचे फॉर्म यंदाही ऑगस्टअखेरीस छापायला येतील, बहुतेक माझ्याकडेच. त्याच्या आधी तुमची बैठक होते. हा विषय तिथे घ्या. आणि रॉ फाइल उघडून तिच्यातली वेळ, मिलिमीटर आणि क्रॉप कसा वाचायचा हे कुणा परीक्षकाला बघायचं असेल, तर संध्याकाळी सातनंतर दुकानात यावं. त्याचे पैसे घेणार नाही. चहा समोरच्या टपरीवरून येतो, तेवढा तुम्ही पाजा.

आपली,
फोटो छापणारी एक दुकानदार
सीताबर्डी, नागपूर